घर कुणाचं, फोडलं कुणी?

मागच्या बैठकीत एक साथी उभा राहिला आणि म्हणाला, "चोरीचे खटले आपण घ्यायचे नाहीत. चळवळ बदनाम होते." दोघातिघांनी माना हलवल्या. बाकीचे गप्प बसले. मीही गप्प बसलो. वय झालं की माणूस बैठकीत गप्प बसायला शिकतो आणि घरी येऊन रात्रभर कुशी बदलतो. तसंच झालं. तेव्हा जे तोंडानं बोलायला पाहिजे होतं ते आता लिहून काढतोय. ज्याला झोंबेल त्यानं खुशाल उत्तर द्यावं. पण आधी शेवटपर्यंत वाचावं.

तो साथी वाईट नाही. अत्याचाराची केस आली की रात्री बाराला मोटारसायकल काढणारा पोरगा आहे. विहिरीवर मारलं, वरात अडवली, पुतळ्याची विटंबना झाली, तर तो पहिला ठाण्यावर पोचतो. पण वस्तीतलं पोरगं चोरीत अडकलं की त्याचा फोन लागत नाही. कारण त्याच्या डोक्यात एक वाक्य बसलंय की पोलिसांनी नेलं म्हणजे काहीतरी केलं असेलच. हे वाक्य त्याचं नाही. हे वाक्य गावाचं आहे. पाटलाच्या ओसरीवर बसून शेकडो वर्षं आपल्या बापजाद्यांबद्दल हेच बोललं गेलं. गावात काही हरवलं की आधी महारवाड्यात नि मांगवाड्यात शोधायचं. ते वाक्य आता निळा गमछा घालून आपल्याच बैठकीला येऊन बसलंय.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, म्हणजे मी कुणाला वरून शिकवतोय असं वाटणार नाही. यात सगळ्यात मोठा गाढव मीच आहे.

मी कुरखेड्याचा. सतीच्या काठचा. पोटासाठी आयुष्यभर अर्ज टाईप केले. सातबारा, फेरफार, जातीचा दाखला, निराधार योजना, वनहक्काचा दावा, काय म्हणाल ते. हजारो कागद या बोटांखालून गेले. कलमांचे आकडे तोंडपाठ. लोक मला अर्धा वकील म्हणायचे आणि मला ते आवडायचं. अर्धा वकील हा अर्ध्या वैद्याचा भाऊ असतो, हे तेव्हा कळलं नव्हतं.

नवा फौजदारी कायदा यायच्या आधीच्या एका उन्हाळ्यातली गोष्ट. तेंदूपत्त्याचा हंगाम होता. आमच्या भागातल्या एका गावची बाई धापा टाकत आली. गावाचं नाव लिहीत नाही, पोराचंही नाही. नाव छापलं की आळ जन्मभर चिकटतो, आणि पोरानं आधीच पुष्कळ भोगलंय. म्हणाली, "माज्या पोराले नेलन जी. घरफोडी म्हनतेत."

मी विचारलं, "भिंत फोडली का?"

"भिंत कायची फोडन जी? आकडी काडलन अन् आपली सायकल आनलन."

हकिगत अशी. पोरगा एका गोदामवाल्याकडे हमालीला होता. मोहफुलाची पोती, धानाची पोती. आधी काही उचल घेतलेली. ती फिटेना. कधी फिटते? पोरगा म्हणाला, आता मी तेंदूला जातो. मालकानं त्याची सायकल गोदामात घातली आणि सांगितलं, उचल फेड आणि घेऊन जा. चार दिवस पोरगा पायी जंगलात गेला. पाचव्या दिवशी संध्याकाळी गोदामाच्या मागच्या दाराची आकडी काढून त्यानं आपली सायकल बाहेर घेतली आणि तिच्यावर बसून थेट फळीवर गेला. फळीवर पुडे मोजणं चाललं होतं. शंभर माणसांनी त्याला पाहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे उचलला. फिर्यादीत लिहिलं होतं, "रात्रौ साडेसात वाजताचे सुमारास". कलमं लागली ४५७ आणि ३८०. रात्रीची घरफोडी आणि घरातली चोरी.

मी अर्धा वकील. मी त्या माउलीला सांगितलं, "भिंत फोडली नाही ना, मग घरफोडी होतच नाही. घाबरू नका. साहेबांच्या नावानं एक दयेचा अर्ज देऊ, सुटेल पोरगा." आणि मी टाईप केलं : माझ्या मुलाचे हातून चूक झालेली आहे, तो अज्ञान आहे, गरिबीकडे पाहून एकवेळ माफी व्हावी. बाईचा अंगठा घेतला. पन्नास रुपये घेतले नाहीत, एवढंच काय ते पुण्य.

दोन वाक्यांत मी दोन घोडचुका केल्या. आणि या दोन चुका आज तुम्ही सगळे करताय म्हणून हा लेख.

पहिली चूक. घरफोडी या शब्दाचा अर्थ मला माहीत होता असं मला वाटत होतं. घर फोडणं म्हणजे सब्बल, खणलेली भिंत, कौलं उचकटलेली. मराठी शब्द ऐकला की डोळ्यांपुढं हेच येतं. कायद्याचं तसं नाही. मेकॉलेसाहेबाच्या आयोगानं १८३७ साली मसुदा केला, १८६० साली त्याचा दंड संहितेचा कायदा झाला, आणि त्यातल्या ४४५ कलमात घरफोडीचे सहा मार्ग सांगितले. स्वतः पाडलेल्या भोकातून आत गेला, ती घरफोडी. माणसानं जायची वाट नाही तिथून गेला, भिंतीवर चढून गेला, तीही घरफोडी. घरमालकानं ज्या रीतीनं वाट उघडावी असं ठरवलेलं नाही त्या रीतीनं उघडून गेला, ती घरफोडी. कुलूप उघडलं, मग ते किल्लीनं का असेना, घरफोडी. कायद्याच्या पुस्तकातच उदाहरण आहे, मालकाची हरवलेली किल्ली सापडली आणि तिनं दार उघडून आत गेला तर ती घरफोडी. दारात उभ्या माणसाला ढकलून किंवा धमकी देऊन गेला, ती घरफोडी. लावून घेतलेली वाट काढून गेला, ती घरफोडी. भोकातून तार घालून आकडी उचलण्याचं उदाहरण तर शब्दशः छापलेलं आहे. आणि आत जाणं म्हणजे अख्खा माणूस जायला पाहिजे असंही नाही. अंगाचा कुठलाही भाग आत गेला तरी पुरे.

म्हणजे भिंत शाबूत राहते, वीट हलत नाही, आणि तरी कायद्यानं घर फुटलेलं असतं. त्या माउलीनं "आकडी काडलन" म्हणून सांगितलं तिथंच अर्धी फिर्याद शाबीत होत होती, आणि मी हसत होतो.

पण थांबा. एवढ्यावर घाबरून जाऊ नका, कारण याच कायद्यात आपली वाटही आहे. घरफोडी ही एकटी उभी राहत नाही. ती तीन पायऱ्यांवर उभी आहे. खाली अतिक्रमण, त्यावर गृह-अतिक्रमण, त्यावर घरफोडी. आणि सगळ्यात खालच्या पायरीत एक शब्द आहे, उद्देश. गुन्हा करण्याच्या, किंवा ताब्यात असलेल्या माणसाला धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या, त्रास देण्याच्या उद्देशानं आत गेला पाहिजे. उद्देश नाही तर अतिक्रमण नाही. अतिक्रमण नाही तर घरफोडीही नाही, मग आकडी काढलेली असो की कुलूप. सुप्रीम कोर्टानं मथरी विरुद्ध पंजाब सरकार या खटल्यात सांगितलं, की मालकाला त्रास होईल हे नुसतं माहीत असणं पुरत नाही, त्रास देणं हाच आत जाण्याचा हेतू होता हे दाखवावं लागतं.

मग सायकलीचं काय? चोरीच्या कलमाखालीच घड्याळाचं उदाहरण आहे. माणसानं घड्याळ दुरुस्तीला दिलं. दुकानदाराचं त्याच्यावर असं काही देणं नाही की ज्यापायी घड्याळ अडकवून ठेवता येईल. मालक उघडपणे दुकानात शिरला आणि आपलं घड्याळ हिसकावून घेऊन गेला. कायदा म्हणतो, दांडगाई झाली असेल, पण चोरी नाही, कारण त्यात अप्रामाणिकपणा नाही. लगेच पुढचं उदाहरण उलटं आहे. दुरुस्तीचं देणं असेल आणि दुकानदारानं कायदेशीरपणे घड्याळ तारण ठेवलं असेल, तर स्वतःचंच घड्याळ नेणं चोरी. सगळा खटला या दोन उदाहरणांच्या मध्ये उभा होता. पोरानं घेतलेल्या उचलीपायी त्याची सायकल डांबणं कायदेशीर तारण की बेकायदा दांडगाई? १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा म्हणतो की उचल देऊन माणूस बांधून घेतला तर ते कर्जच रद्द, आणि त्यापायी अडकवलेली वस्तू परत. हा प्रश्न त्या पोराच्या बाजूनं पहिल्याच दिवशी विचारायला पाहिजे होता. विचारणारा माणूस टाईपरायटरपुढे बसला होता आणि माफीचा अर्ज बडवत होता.

दुसरी चूक तीच. माफीचा अर्ज. चूक झाली असं आईच्या अंगठ्यानिशी मी लिहून दिलं. पोलिसापुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, हे शंभर-दीडशे वर्षांपासून पुराव्याच्या कायद्यात आहे. आरोपीनं स्वतः दिला तरी चालत नाही. आणि मी, जयभीमवाला, वस्तीचा हितचिंतक, पोराच्या आईकडून असला कागद करून घेतला! पुराव्यात तो टिकला नसता, पण जामिनाच्या दिवशी तो वाचून दाखवला गेला. घरचेच म्हणतात चूक झाली. जामीन नाकारला. रोवणीचे दिवस आले, गेले. पोरगा आत. आई दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करत होती आणि तिची दीड एकराची बांधी पडीक राहिली.

माफीचा अर्ज हा आपल्या हाडात मुरलाय, मित्रांनो. मायबाप सरकार, दया व्हावी, चरणी विनंती. जोहार घालून घालून वाकलेली पाठ बाबासाहेबांनी ताठ केली, पण आपल्या अर्जाची भाषा ताठ झाली नाही. ज्या गुन्ह्याचा अर्थ आपल्याला समजलेला नाही त्याची माफी कशाला मागायची? आधी विचारायचं, साहेब, काय केलंय ते कलमाच्या शब्दांत सांगा.

आता "रात्र" या शब्दाकडे या. हा लहान शब्द नाही.

जुन्या कायद्यात साधी चोरी, ३७९ कलम, तीन वर्षं. तीच घरात झाली, ३८०, सात वर्षं. घरफोडी करून चोरी, दिवसा, ४५४, दहा वर्षांपर्यंत. तीच रात्री, ४५७, चौदा वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. आकडे बदलले, माप तेच राहिलं. ३०३, ३०५, ३३१. रात्रीच्या घरफोडीसह चोरीला ३३१ च्या चौथ्या पोटकलमात चौदा वर्षंच. रात्र म्हणजे काय तेही ठरलेलं आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी. घड्याळाची रात्र नाही, सूर्याची रात्र.

चौदा वर्षं हा आकडा ऐकून आईबाप कोसळतात. म्हणून हेही माहीत पाहिजे की असले खटले बहुधा पहिल्या वर्गाच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालतात आणि त्याला तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा देण्याचा अधिकारच नाही. मग चौदाचा आकडा कशाला लागतो? अटकेला लागतो. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची, अटकेचं कारण लिहायचं, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात बजावलं. साधी चोरी आणि घरातली चोरी या संरक्षणात बसते. घरफोडी जोडली की बसत नाही. नव्या कायद्यात पाच हजारांखालच्या चोरीत, पहिल्याच वेळी दोषी ठरलेल्यानं माल परत केला तर तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. पण तिथं "घर" हा शब्द चिकटला की ती सवलत गेली. म्हणजे एका सायकलीच्या मागे "घर" आणि "रात्र" हे दोन शब्द चिकटवले की पोरगा नोटिशीच्या बाहेर, अटकेच्या आत. लिहिणाऱ्याच्या हातात केवढी ताकद आहे बघा! मे महिन्यात आमच्याकडे पावणेसातच्या सुमाराला सूर्य मावळतो. साडेसात लिहिलं की रात्र. सहा लिहिलं असतं तर दिवस. शंभर माणसांनी उजेडात पाहिलेला पोरगा कागदावर अंधारात गेला.

तो सुटला. विधी सेवेतून मिळालेल्या एका तरुण वकील बाईंनी फळीवरचे साक्षीदार उभे केले, आणि उलटतपासणीत मालकाकडून वदवून घेतलं की सायकल त्याचीच. निकालात रात्र गेली, चोरी गेली, उद्देश गेला. पण सुटेपर्यंत दोन वर्षं गेली होती. गावात त्याचं नाव आजही घरफोड्या. आता तो दर हिवाळ्यात तेलंगणात मिरची तोडायला जातो आणि माझ्या दारावरून जाताना मान वळवतो. मालकाचा त्याला राग नाही, मालक मालकासारखा वागला. राग माझा आहे. त्याचं बरोबर आहे.

आता त्या साथीच्या वाक्याकडे परत येतो. चळवळ बदनाम होते!

आपली चळवळ सुरू कशानं झाली? घुसण्यानं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या तळ्यावर गेले, तेव्हा सवर्णांनी काय केलं? कोर्टात दावा लावला, की तळं आमच्या खाजगी मालकीचं, यांना मनाई करा. डिसेंबरात तात्पुरता मनाईहुकूम मिळवलासुद्धा. तो दावा मुंबई हायकोर्टात १७ मार्च १९३७ ला कायमचा पडला. दहा वर्षं लागली, हे पाणी कुणाचं खाजगी नाही एवढं कागदावर यायला. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचं दार. आता कायद्याचं पुस्तक उघडा. गृह-अतिक्रमणाच्या व्याख्येत घर म्हणजे काय? माणसं राहतात ती इमारत, तंबू, जहाज. माल ठेवायची जागा. आणि पूजेची जागा. देऊळ हे कायद्यानं घर आहे. आणि "त्रास देण्याच्या उद्देशानं" हा शब्द आहे. आपल्या सावलीनं ज्यांना त्रास व्हायचा त्यांच्या राज्यात या शब्दाचा अर्थ काय निघाला असता, सांगायला नको. १७ वं कलम आणि १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आला तेव्हा उलटं झालं. दार अडवणारा गुन्हेगार ठरला. म्हणजे दार कुणाचं, वाट कुणासाठी, हे ठरवणारा कायदा बदलता येतो आणि आपण तो बदललेला आहे. मग दाराच्या गुन्ह्याची आपल्याला लाज का वाटावी? जात ही दुसरं काय आहे? कुणी कुठल्या दारातून शिरायचं, कुणी मागच्या दारानं, आणि कुणी शिरायचंच नाही, याची ती संहिता.

आमच्या जंगलात बघा. १९२७ च्या वन कायद्यानं राखीव जंगल केलं आणि त्यात शिरणं, गुरं नेणं, लाकूड तोडणं गुन्हा ठरवला. गोंड, माडिया, हलबा, कंवर, ढिवर, महार, सगळे ज्या जंगलावर जगले तेच परक्याचं घर झालं, आणि ते रोज सकाळी तिथं घुसखोर म्हणून जाऊ लागले. २००६ च्या वनहक्क कायद्यानं त्याला ऐतिहासिक अन्याय हे नाव दिलं. शेजारच्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तीच माणसं, तोच बांबू, तीच वाट. काल चोर, आज मालक. मधे बदललं काय? कागद.

आणि तंबू? कायदा म्हणतो तंबूही घर आहे. म्हणजे पारध्याचं पाल घर आहे, मांग गारुड्याचं पाल घर आहे. रात्री तीनला त्या पालात शिरून भांडी लाथाडली, बाई-माणसाला ओढून काढलं, त्याची घरफोडी कधी लिहिली गेली? उलट इंग्रजानं १८७१ साली अख्ख्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. १९५२ च्या ऑगस्टअखेर तो गेला. सात वर्षांनी मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि तीच माणसं पुन्हा वहीत चढली. कायदा मेला, वही जिवंत.

वही काय करते ते ऐका. २००३ साली जालना जिल्ह्यात एका झोपडीत रात्री लूट, खून आणि बलात्कार झाला. भयंकर गुन्हा. सहा भटक्या जमातीची माणसं पकडली. २००९ साली सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. ५ मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या बाईनं आधी पोलिसांच्या फोटोंतून दुसरीच चार माणसं ओळखली होती आणि तो तपासच झाला नव्हता. कोर्टानं प्रत्येकाला पाच लाख द्यायला सांगितले. सोळा वर्षं गेली. एक जण तर पकडला तेव्हा अल्पवयीन होता. फाशीच्या सावलीतून परत आलेल्या या माणसांसाठी आपल्यापैकी किती जण रस्त्यावर उतरले होते? मी नव्हतो. चोरांचा खटला होता ना.

२०२१ साली एक तमिळ सिनेमा आला. नाव "जय भीम". आपण सगळ्यांनी पाहिला, डोळे पुसले, मोबाईलवर निळे झेंडे लावले. त्यातली गोष्ट खरी आहे. १९९३ साली तामिळनाडूत राजाकण्णू नावाच्या कुरवर जमातीच्या मजुरावर घरातल्या दागिन्यांच्या चोरीचा आळ आला, कोठडीत मारून मारून तो संपला, आणि पोलीस म्हणाले पळून गेला. त्याच्या बायकोनं हार मानली नाही, कम्युनिस्ट कार्यकर्ते आणि चंद्रू वकील तिच्यामागे उभे राहिले. २००६ साली हायकोर्टानं पोलिसांना शिक्षा दिली. म्हणजे ज्या सिनेमाला आपलं अभिवादन हे नाव आहे, तो सिनेमा एका चोरीच्या आरोपाचा आहे! आणि आपण बैठकीत म्हणतो, चोरीचे खटले घ्यायचे नाहीत.

कुणी म्हणेल, आणि खरंच चोरी केली असेल तर? प्रश्न रास्त आहे, टाळत नाही. घर फुटलं की काय होतं ते गरिबाला जास्त कळतं. श्रीमंताचं कपाट जातं, गरिबाच्या पोरीच्या लग्नाचे मणी जातात. आपल्या वस्तीतही घरं फुटतात, आणि आपली फिर्याद कुणी लिहून घेत नाही हाही त्याच सिक्क्याचा उलटा भाग आहे. चोरीची भलामण मी करत नाही. पण केलेली चोरी जेवढी आहे तेवढीच लिहिली जावी. दिवसाची दिवस म्हणून, आकडीची आकडी म्हणून. पोलिसांच्या कपाटातले न सुटलेले चार गुन्हे त्याच्या नावावर खपवले जाऊ नयेत. कोठडीत मार बसू नये. आणि आत गेल्यावर जात विचारून झाडू हातात दिला जाऊ नये. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सुकन्या शांता यांच्या याचिकेत तुरुंगाच्या नियमपुस्तकांतली जातीवरची कामवाटणी घटनाबाह्य ठरवली. २०२४ पर्यंत ती छापील होती, हे डोक्यात ठेवा. दोषी माणसालाही न्याय लागतो. फक्त सोवळ्या पीडितालाच न्याय, हा सोवळ्याचा विचार आहे, आपला नव्हे.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, पुढच्या वेळी "घरफोडी" हा शब्द कानावर आला की पळू नका. बसा आणि विचारा. वेळ काय होती, सूर्य मावळला होता का, कुणी पाहिलं. वाट कुठली होती, उघडी की लावलेली, रोज कोण वापरायचं. माल कुणाचा, आणि तो कुणी, कुणाच्या समक्ष, कुठून काढला. पंच कोण, तेच ते नेहमीचे पंच का. पोरगा कामाला होता तर मजुरी बाकी होती का. चोरीचा माल लगेच कुणाकडे सापडला आणि त्याला हिशेब देता आला नाही तर कोर्ट त्याच्याविरुद्ध धरू शकतं, म्हणून तो हिशेब पहिल्या दिवशी गोळा करा, पावती, साक्षीदार, काय असेल ते. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं का ते पाहा. हे २२ वं कलम १५ सप्टेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी स्वतः घटना समितीत मांडलं होतं, आपल्याच बापाचा शब्द आहे तो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला १९८७ च्या कायद्यानं उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, तो पहिल्याच तारखेला मागा. साठ दिवस मोजा. तोवर दोषारोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क मागणारा अर्ज एकसष्टाव्या दिवशी टाका, साठ की नव्वद हा वाद सरकारी वकिलाला घालू द्या. आळ खोटा निघाला तर अत्याचार प्रतिबंधक कायद्यातलं तिसरं कलम आहे, खोटी फौजदारी कारवाई लावणं हाच त्यात गुन्हा आहे. ते कलम झेंड्यासारखं मिरवू नका, वापरा.

आणि माफीचा अर्ज लिहू नका. कुणी लिहून मागितला तर त्याला माझ्याकडे पाठवा. मी त्याला एका सायकलीची गोष्ट सांगीन.

पुढच्या बैठकीत तो साथी पुन्हा उभा राहील. या वेळी मीही उभा राहणार आहे. विचारणार आहे, आपल्या तालुक्यात आज किती पोरं घरफोडीत आत आहेत, त्यांच्या फिर्यादीवर वेळ काय लिहिली आहे, आणि त्यांच्या आया कुणाच्या बांधीत राबताहेत. यादी करू. यादीतल्या पहिल्या नावाच्या घरी तू आणि मी, दोघं जाऊ.

जय भीम.